उजेड हवा, ऊन नको: समुद्रकाठी ई-रीडरवर वाचताना या चुका टाळा

मे महिन्यात मामाकडे गुहागरला गेलो की सकाळचा उद्योग ठरलेला: चहा घ्यायचा आणि ई-रीडर घेऊन खळ्यात बसायचं. पहिल्या वर्षी ‘भर उन्हातही वाचता येतं’ या जाहिरातीवर विसंबून खुर्ची थेट उन्हात टाकली. अक्षरं काय सुरेख दिसत होती! अर्ध्या तासाने मात्र यंत्राची काळी पाठ मांडीला चटके देऊ लागली आणि पान उलटायला दोन-दोनदा बोट लावावं लागलं. शेजारी मामी ताटांतून आंब्याची साठं वाळत घालत होती. म्हणाली, “ठेव इथेच, संध्याकाळपर्यंत तोही वाळेल.”

जाहिरातीत खोटं काही नव्हतं. गफलत माझी. उजेड आणि ऊन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे डोक्यात आलं नाही. पुढच्या बहुतेक चुका याच एका गोंधळातून निघतात.

ई-रीडरची ‘ई-इंक’ स्क्रीन स्वतः उजेड टाकत नाही. तिच्यात अगदी बारीक कुप्या असतात आणि त्यांत विरुद्ध विद्युतभाराचे पांढरे व काळे कण. वीज मिळाली की काही कण वर येतात, काही तळाशी जातात, आणि तेवढ्यावर अक्षर उमटतं. बाहेरून पडलेला उजेड कागदासारखा परत फिरतो, म्हणून उन्हात मोबाइल काळवंडतो आणि हा खुलतो. पण छापील कागदाइतकी ती पांढरी नसते. पडलेल्या उजेडापैकी निम्म्याहून कमीच परत येतो. तरी त्यासाठी उन्हात बसायची गरज नाही. भर दुपारच्या उन्हात 1 लाख लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) आसपास उजेड असतो आणि घरातल्या दिव्याखाली फार तर काही शे. मांडवाखाली किंवा पडवीच्या कडेला, आकाश उघडं दिसत असेल तिथे, काही हजार लक्स सहज मिळतात. वाचायला ते भरपूर झाले.

समुद्राकडे तोंड करून बसणं

ही सगळ्यात गोड चूक, कारण समुद्र बघायलाच तर आलेले असतो. पण पुस्तकामागे चमचमतं पाणी आणि तापलेली पांढरी पुळण असली की डोळ्यांची बाहुली आकसते आणि हातातलं पान करडं, मळकट दिसायला लागतं. लोक मग यंत्राला दोष देतात. गुहागरला सुरूचं बन आहे. तिथे सावलीत बसून समुद्र पाठीशी किंवा कुशीला घ्या आणि नजर झाडांच्या गर्द बुंध्यांकडे राहू द्या. तीच स्क्रीन, तेच पान, एकदम पांढरं दिसतं. वाटलं नव्हतं एवढा फरक पडतो. समुद्र ऐकू येतोच की.

स्क्रीन गुळगुळीत काचेची असेल तर पाठीमागचं आकाश तिच्यात दिसतं. यंत्र थोडं कलतं धरलं की ते निघून जातं. चकचकीत स्क्रीनगार्ड लावून ही डोकेदुखी विकत घेऊ नका. लावायचाच तर मॅट. डार्क मोडही बाहेर नकोच, कारण काळ्या पानावर प्रतिबिंबं जास्त उठून दिसतात. पोलराइज्ड गॉगलची मात्र काळजी करू नका. त्यातून मोबाइल काळा दिसू शकतो, ई-इंक नाही.

सूर्यापुढे काजवा

बाहेर आल्यावर पान करडं वाटलं की हात आपोआप फ्रंटलाइट वाढवण्याकडे जातो. ती कडेच्या एलईडींतून येणारी उजेडाची झिरपणी आहे, अंधाऱ्या खोलीसाठी. दिवसा बाहेर तिचा उपयोग शून्य, बॅटरी मात्र खाते. पूर्ण बंद करा. रंगीत ई-इंकवाल्यांनाही हेच सांगेन: रंगांच्या जाळीमुळे ती स्क्रीन घरात काळपट वाटते आणि बाहेरच्या मोकळ्या उजेडातच तिचे रंग खुलतात.

अक्षरं पुसट झाली तर

काही यंत्रांत, विशेषतः पांढऱ्या अंगाच्या, थेट उन्हात पान उलटलं की अक्षरं धुतल्यासारखी फिकट उमटतात. स्क्रीन गेली असं समजून दुकान गाठण्याआधी एक साधी परीक्षा करा. सावलीत पान उलटा आणि मग तेच पान उन्हात न्या. अक्षरं काळीभोर राहिली तर स्क्रीन ठीक आहे. अडचण फक्त उन्हात पान *उलटताना* येते. एकदा उमटलेलं पान विजेशिवाय तसंच राहतं, म्हणून ही परीक्षा जमते.

कारण असं: प्रत्येक ठिपक्यामागे एक सूक्ष्म ट्रान्झिस्टर असतो आणि तो ज्या सिलिकॉनचा बनलेला असतो, ते उजेडाला हळवं असतं. कडेने किंवा फिकट प्लास्टिकमधून ऊन आत झिरपलं की विद्युतभार गळतो आणि कण अर्ध्या वाटेत थांबतात. पान उलटताना आपली सावली स्क्रीनवर पाडा, आणि पाठ व कडा झाकणारं गडद कव्हर घाला. आधीच्या पानाची भुतं, म्हणजे पुसट खुणा, दिसत असतील तर ‘पेज रिफ्रेश’ प्रत्येक पानाला चालू करा.

पानच उलटत नसेल तर आधी बोट पाहा. घाम, सनस्क्रीन, कोकम सरबताच्या पेल्यावरचं पाणी, यांतलं काहीतरी असतंच. पंचाला पुसा आणि पुन्हा लावा. काही जुनी यंत्रं अवरक्त किरणांच्या जाळीने बोट ओळखतात. उन्हातही अवरक्त किरण असतात, त्यामुळे भर उन्हात ती भांबावतात. तीही सावलीत ताळ्यावर येतात.

35 अंशांचा हिशेब

किंडल हा ॲमेझॉनचा ई-रीडर वापरण्यासाठी सांगितलेली कमाल मर्यादा 35 अंश सेल्सिअस आहे. आता किनाऱ्यावरचा मे आठवा: सावलीतच पारा 33-34 ला टेकलेला असतो. म्हणजे उन्हात ठेवण्याइतकी जागाच उरत नाही. काळं कव्हर काही मिनिटांत मर्यादा ओलांडतं. वाचताना तापलं तर झाकून सावलीत ठेवा, पण गार करायला फ्रिजमध्ये नको, आत दव धरेल. आणि गणपतीपुळ्याला दर्शनाला जाताना बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तर अजिबात सोडू नका. उष्णतेने लिथियम बॅटरीचं झालेलं नुकसान पुन्हा भरून येत नाही.

‘वॉटरप्रूफ आहे’ म्हणून

वॉटरप्रूफ यंत्राच्या माहितीत असते त्या आयपीएक्स-8 या खुणेतला ‘एक्स’ नीट वाचा. धुळीची चाचणी सांगितलेली नाही, असा त्याचा अर्थ. पुळणीवरची वाळू त्यात येत नाही. पाण्याचंही तसंच. किंडल पेपरव्हाइटसाठी गोड्या पाण्यात 2 मीटर आणि 60 मिनिटं सांगितलेली आहेत. समुद्राच्या पाण्यासाठी फक्त पाव मीटर आणि 3 मिनिटं. खाऱ्या पाण्याचा शिंतोडा उडालाच तर आधी गोड्या पाण्याने धुवायचं, मग सुकवायचं. हे अर्थात वॉटरप्रूफ यंत्राबद्दल. साध्याला नुसतं ओलसर फडकं. स्क्रीनवर वाळूचे कण असतील तर आधी फुंकरा. थेट पुसलंत तर पुसणं नव्हे, घासणं होतं. माझ्या स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात नखाएवढी रेघ आहे, ती या घाईची.

मराठी पीडीएफ

हा जरा वेगळा विषय, पण बाहेर वाचताना फार छळतो. जुन्या मराठी पुस्तकांचे स्कॅन मुळातच करडे असतात, त्यात करडी स्क्रीन. पहिला बळी जातो अनुस्वाराचा: ‘मंद’चं ‘मद’ होतं आणि वाक्य भलतीकडेच चालू लागतं. केओरीडरसारख्या ॲपमध्ये समास कापून कॉन्ट्रास्ट वाढवा. साध्या ई-बुकात फॉन्ट एक पायरी मोठा आणि शक्य असेल तर ठळक.

राहिलं चार्जिंग. दिवसभर खाऱ्या वाऱ्यात फिरवलेला ई-रीडर रात्री लगेच केबलला लावू नका. पोर्ट ओलसर असताना वीज दिली की टोकं गंजायला वेळ लागत नाही. पोर्ट खाली करून हलकेच झटका आणि दोन-चार तास पंख्याखाली ठेवा. तांदळात पुरण्याचा उपाय मी करून पाहिलाय: पोर्टात तांदळाची भुकटी गेली, ती टूथपिकने काढता काढता नाकी नऊ आले, आणि मामीने ते तांदूळ डब्यात परत टाकू दिले नाहीत ते वेगळंच.