रिकाम्या जागा बरोबर, ईमेल चूक? इंग्रजी व्याकरणाचा सराव असा करा

काळांचा धडा वाचला, खालचे वीस प्रश्न सोडवले, अठरा बरोबर आले. दुसऱ्या दिवशी चार ओळींचा ईमेल लिहायला घेतला आणि तेच काळ चुकले. असं होतं, कारण धड्याच्या डोक्यावरच ‘प्रेझेंट परफेक्ट’ असं लिहिलेलं असतं. कोणता नियम लावायचा हे आधीच ठरलेलं, आपण फक्त रूप भरायचं. स्वतः लिहिताना मात्र नियम निवडायचं काम आपल्यावर येतं, आणि नेमका त्याचाच सराव झालेला नसतो.

आधी स्वतःच्या चुका गोळा करा. ऑटोकरेक्ट बंद करून कुठल्याही विषयावर शे-दीडशे शब्द लिहा. कुणा जाणत्याकडून तपासून घ्या. कुणी नसेल तर तपासणीचं सॉफ्टवेअर चालेल, पण आधी स्वतः एकदा वाचून दुरुस्त करा. मग चुका प्रकारानुसार वहीत टिपा. मराठी माणसाच्या यादीत आर्टिकल (‘अ’, ‘ॲन’, ‘द’) जवळजवळ हमखास असतं, कारण आपल्या भाषेत ते नाहीच. शिवाय ‘डिड यू वेंट’, ‘डिस्कस अबाउट’ आणि ‘सिन्स’-‘फॉर’चा घोळ. पुस्तक पहिल्या धड्यापासून सोडवत बसू नका. यादीत सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रकार पहिला घ्या.

उत्तरासोबत कारण लिहा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि माझ्या मते निम्मा फायदा तिथेच बुडतो. उदाहरणार्थ, हे वाक्य बघा: ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टू इयर्स.’ मराठीत ‘मी दोन वर्षांपासून इथे राहतोय’ अगदी बरोबर आहे, त्यामुळे इंग्रजी वाक्यही कानाला खटकत नाही. पण त्यात दोन चुका आहेत. आधी सुरू झालेली गोष्ट अजून चालू असेल, तर ‘हॅव बीन लिव्हिंग’ लागतं. आणि ‘सिन्स’ सुरुवातीचा क्षण सांगतं (सिन्स २०२१, सिन्स मंडे), तर कालावधीला ‘फॉर’ लागतं: ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर टू इयर्स.’ मराठीत दोन्हीकडे ‘पासून’च चालतं, म्हणून घोळ होतो. वहीत नुसतं ‘फॉर’ न लिहिता ‘कालावधी आहे म्हणून फॉर’ असं लिहा. कारण सांगता आलं नाही, तर उत्तर बरोबर असलं तरी ते चूक धरा. अंदाजाने लागलेला नेम पुढच्या वेळी लागेलच असं नाही.

आर्टिकलचंही तसंच. ‘अ’ की ‘ॲन’ हे पुढच्या शब्दाच्या उच्चारावरून ठरतं, स्पेलिंगवरून नाही. म्हणून ‘ॲन अवर’, पण ‘अ युनिव्हर्सिटी’.

मग प्रश्न मिसळा. तीन-चार धडे झाले की प्रत्येकातले थोडे प्रश्न चिठ्ठ्यांवर उतरवा, धड्याचं नाव न लिहिता, आणि पिसून सोडवा. गुण कमी पडतील. पडू द्या, निवड करायचा सराव इथेच होतो.

तयार परिच्छेद बदलून लिहा. यासाठी पुस्तकही लागत नाही. ‘ही’ने सुरू होणारा वर्तमानकाळातला परिच्छेद घ्या आणि ‘दे’ घालून पुन्हा लिहा: ‘डझ’चं ‘डू’ होतं, क्रियापदाचा शेवटचा ‘एस’ गळतो. मग तोच परिच्छेद भूतकाळात न्या.

विरामचिन्हं काढा आणि परत घाला. कॅपिटल अक्षरांची सवय देवनागरीत लागतच नाही, त्यामुळे ती वेगळी लावावी लागते. चांगल्या इंग्रजी लेखातला एक परिच्छेद सगळी चिन्हं आणि कॅपिटल काढून टाइप करा. दोन दिवसांनी ती परत घालून मूळ मजकुराशी ताडून बघा. वारांची, महिन्यांची आणि भाषांची नावं कॅपिटलने सुरू होतात, हे लगेच लक्षात येईल. खरी अडचण कॉमाची. ‘पाऊस पडत होता, आम्ही घरीच थांबलो’ हे मराठीत खपतं. इंग्रजीत मात्र दोन पूर्ण वाक्यं नुसत्या कॉमाने जोडणं ही चूक धरतात. पूर्णविराम द्या, अर्धविराम द्या किंवा कॉमानंतर ‘सो’ घाला. ‘इट्स’मध्ये ॲपॉस्ट्रॉफी घालावा का, असा प्रश्न पडला, तर त्या जागी ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ घालून वाचा. वाक्य जुळलं तरच चिन्ह घाला.

शेवटी बेंजामिन फ्रँकलिनची युक्ती. अठराव्या शतकातल्या या अमेरिकन मुत्सद्द्याने तरुणपणी ‘स्पेक्टेटर’ या नियतकालिकातले लेख समोर ठेवून लेखन सुधारल्याचं आत्मचरित्रात सांगितलंय. वाक्यावाक्याच्या आशयाची त्रोटक टिपणं काढायची, काही दिवस बाजूला ठेवायची, मग मूळ न बघता लेख पुन्हा लिहायचा आणि शेजारी ठेवून चुका शोधायच्या. कधी तो टिपणांचा क्रमही विस्कटून टाकायचा आणि काही आठवड्यांनी पुन्हा जुळवायचा. आपण एका परिच्छेदापासून सुरुवात केली तरी पुरे.

चुकांच्या वहीतली वाक्यं आठवड्याने उत्तर झाकून पुन्हा सोडवा. तुमच्या ताज्या लिखाणात सलग दोनदा एखादी चूक आली नाही, की तो प्रकार यादीतून खोडा आणि पुढचा घ्या. नुसत्या स्वाध्यायात बरोबर आलं म्हणून खोडू नका.