इंग्लिशमधून स्वाहिलीत जायचंय? मग वाटेत मराठीत थांबा

टांझानियातल्या दार-एस-सलामला राहायला येऊन मला आता पाच वर्षं होतील आणि घराजवळच्या एका छोट्या दवाखान्याला मी इंग्लिश माहितीपत्रकं इथल्या स्वाहिली भाषेत करून देते. इकडे नवीन आलेली आपली मंडळी सारखी विचारतात की अ‍ॅपवर एक इंग्लिश शब्द टाकला की चार स्वाहिली शब्द येतात, त्यातला घ्यायचा कुठला. मी सगळ्यांना एकच सांगते, आधी बघा की हीच गोष्ट तुम्ही घरी आईला मराठीत कशी सांगितली असती. कारण इंग्लिशचं जिथे एका शब्दात भागतं तिथे आपल्याला दोन-तीन लागतात, आणि स्वाहिलीलाही बऱ्याचदा नेमके तिथेच लागतात.

राईस घ्या. शेतात उभा तो म्पुंगा, दुकानातून किलोवर आणतो तो म्चेले आणि शिजवून ताटात वाढला की वाली. आपल्याकडे शेतात भात, डब्यात तांदूळ, ताटात परत भात, म्हणजे राईसला एकच शब्द शोधायचा नाही हे आपल्याला न शिकवता कळतं. कोकोनटचं तर कोकणातल्या माणसाला काही सांगायलाच नको, माड म्हणजे म्नाझी, पिकलेला नारळ नाझी, शहाळं दाफु, खोबरं पिळून काढलेलं दूध तुइ, आणि करवंटीला पण वेगळा शब्द आहे, किफुउ. रेसिपी भाषांतर करताना कोकोनट मिल्कला 'नारळाचं दूध' असं शब्दाला शब्द करत बसू नका, तुइ लिहा, झालं.

क्रियापदांत तर हे अजून जास्त दिसतं. 'वॉश'ला भांडी असतील तर कुओशा, कपडे असतील तर कुफुआ, हातपाय-तोंड असेल तर कुनावा आणि आंघोळ असेल तर कुओगा. हात धुवा म्हणून अ‍ॅप 'ओशा मिकोनो' देतं, लोक तसं बोलतातही, पण मी पत्रकात 'नावा मिकोनो क्वा साबुनी' लिहिते, जास्त नेमकं वाटतं (साबुनी म्हणजे साबण, ते तुमच्या लक्षात आलंच असेल). 'ब्रोकन'चं पण तसंच. आपल्याकडे कप फुटतो, दोरी तुटते, मशीन बिघडतं, आणि स्वाहिलीत कप किमेवुंजिका, दोरी इमेकाटिका, मशीन इमेहारिबिका. शिवाय आपण 'कप फुटला' आणि 'कप फोडला' यात जो फरक करतो तो पण आहे, आपोआप फुटला तर किमेवुंजिका, कोणीतरी फोडला तर किमेवुंज्वा. इंग्लिशमध्ये दोन्हीकडे ब्रोकन चालून जातं, म्हणून मूळ वाक्यात कोणावर ठपका आहे की नाही हे आधी बघा.

आणि माझा सगळ्यात आवडता शब्द, कुपिगा. अर्थ मारणे. फोन करणे कुपिगा सिमू, फोटो काढणे कुपिगा पिचा, इस्त्री करणे कुपिगा पासी, गुडघे टेकणे कुपिगा मागोटी, गप्पा मारणे कुपिगा सोगा! आपण फोन मारतो, चक्कर मारतो, झाडू मारतो, हाका मारतो, सगळं एका 'मार'वर. म्हणून इंग्लिश क्रियापदाला सरळ शब्द मिळेना की मी आधी पिगा लावून काही आहे का ते शोधते, बऱ्याचदा असतं.

'फ्री'कडे जरा नीट लक्ष द्या. स्वतंत्र या अर्थाने हुरु, आणि पैसे न घेता या अर्थाने बुरे. पण बुरे म्हणजे वाया, बिनकामाचं असंही होतं, जसं आपण 'फुकट मिळालं' पण म्हणतो आणि 'सगळी मेहनत फुकट गेली' पण म्हणतो. बुरे चुकीचा नाही, सगळीकडे वापरतात, पण औषधाबद्दल लिहिताना मला नको वाटतो, तिथे मी 'बिला मालिपो' लिहिते, आपल्या विनामूल्यसारखं. तसंच 'सेव्ह', जीव वाचवायचा तर ओकोआ, कॉम्प्युटरवर फाइल ठेवायची तर हिफाधी, आणि पैसे साठवायचे तर कुवेका आकिबा.

आता मराठी कुठे घात करते ते पण सांगते. भाजीवाल्या बाईने मला पहिल्याच दिवशी दादा म्हणून हाक मारली तेव्हा मी इकडेतिकडे बघत राहिले. इथे दादा म्हणजे बहीण, काका म्हणजे भाऊ आणि मामा म्हणजे आई! आपला मामा म्हणजे म्जोम्बा, आत्या म्हणजे शांगाझी, आणि काका वडिलांपेक्षा लहान असेल तर बाबा म्डोगो, मोठा असेल तर बाबा म्कुब्वा. मावशीचं तसंच, मामा म्डोगो नाहीतर मामा म्कुब्वा. म्हणजे 'अंकल' दिसला की मूळ मजकुरात मागे जाऊन तो कुठल्या बाजूचा ते शोधावंच लागतं, आपल्याला ही सवय आहे, फक्त शब्दांवर भरवसा ठेवायचा नाही. अरबी-फारसीतून दोन्हीकडे आलेल्या शब्दांचं पण हेच, हुकुमु म्हणजे हुकूम नाही तर कोर्टाचा निकाल, फुर्सा म्हणजे फुरसत नाही, संधी.

शब्दाची छटा काळाप्रमाणे किती बदलते त्याचं माझ्या मते सगळ्यात चांगलं उदाहरण बेपारी. हा आपला व्यापारीच, भारतीय व्यापाऱ्यांबरोबर या किनाऱ्यावर आलेला. टांझानियाचे पहिले अध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांनी शेक्सपिअरचं 'मर्चंट ऑफ व्हेनिस' स्वाहिलीत केलं, १९६९ साली छापलं आणि नाव दिलं 'माबेपारी वा वेनिसी'. १९६७ च्या अरुशा घोषणेनंतर देश उजामाच्या म्हणजे त्यांच्या समाजवादाच्या वाटेवर होता आणि बेपारी म्हणजे भांडवलदार असा अर्थ झाला होता. त्यात 'मा' लावून त्यांनी एकाचे अनेक केले. नुसता धंदा करणारा म्हणायचा असेल तर म्फान्याबिआशारा हा शब्द आहेच. म्हणून दुकानदार ओळखीच्या माणसाला बेपारी लिहू नका, त्याला लागेल.

'सॉरी'ला आपल्याकडे पण धड शब्द नाही त्यामुळे इथे मराठीची मदत नाही, सरळ शिकावं लागतं. चूक आपली असेल तर सामाहानी, आणि समोरच्याला त्रास होतोय म्हणून आपल्याला वाईट वाटतंय तर पोले. कोणी ठेचकाळलं तर पोले, कोणी आजारी असेल तर पोले, कामावरून दमून आलेल्याला 'पोले ना काझी', जसं आपण 'दमलास ना रे' म्हणतो. त्यावर उत्तर येतं 'आसांते, निमेशापोआ', म्हणजे थँक्यू, आता निवलो.

तो आणि ती यांना मिळून एकच शब्द, येये, आणि क्रियापदालाही लिंग नाही, त्यामुळे ही-शी भरलेला इंग्लिश उतारा आला की मी सर्वनामं काढून नावं किंवा 'आई', 'नर्स' असं घालते, नाहीतर कोण कोणाला बोलतंय ते कळत नाही. पण 'मॅरीड' आलं की सांभाळा, पुरुष कुओआ, बाई कुओलेवा. दोघांना चालेल असं हवं तर 'कुफुंगा न्डोआ', लग्नाची गाठ बांधणे.

वेळेची चूक मी स्वतः केलीय आणि अजून मनात सलते. लसीकरण सकाळी आठला होतं, मी पत्रकात 'सा नाने' लिहिलं कारण नाने म्हणजे आठ. पण इथे तास सूर्योदयापासून मोजतात, सकाळी सातला सा मोजा म्हणजे एक वाजला, त्यामुळे सा नाने म्हणजे दुपारचे दोन. बायका कडेवर बाळं घेऊन भर उन्हात दोनला आल्या आणि लस देणारे केव्हाच निघून गेले होते. आठ वाजता म्हणजे 'सा म्बिली आसुबुही', सहा तासांचा फरक धरायचा आणि सकाळ-दुपार शब्दात लिहायचीच.

तपासायचं कसं? मिळालेला शब्द उलटा बघा, स्वाहिली-स्वाहिली डिक्शनरीत, दार-एस-सलाम युनिव्हर्सिटीच्या संस्थेने केलेली १९८१ ची 'कामुसी या किस्वाहिली सानिफु' त्यासाठी चांगली आहे. केनियासाठी लिहीत असाल तर तिथल्या माणसाला दाखवा, शब्द बदलतात. आणि शेवटी मजकूर कोणाला तरी मोठ्याने वाचायला देऊन 'आता तुमच्या शब्दांत सांगा' म्हणा, नुसतं बरोबर आहे का विचारलं तर भिडेपोटी सगळे हो म्हणतात. गेल्या महिन्यात मी 'एक गोळी दिवसातून दोनदा' असं व्याकरणात अगदी चोख लिहिलं होतं, दवाखान्यातल्या नर्सबाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, माणसं दोन्ही सकाळीच घेऊन मोकळी होतील. मग पेन घेऊन त्यांनी वर लिहिलं, 'किमोजा आसुबुही, किमोजा जिओनी'. एक सकाळी, एक संध्याकाळी.