शहरातील आलिशान हॉटेलचे भाडे वसूल होईल का, हे कसे ठरवावे

आलिशान हॉटेल महाग आहे का, हा प्रश्न मुळात विचारूच नये. ते महाग असतेच. ठरवायचे असते ते एवढेच, की त्याच परिसरातल्या एखाद्या नीटनेटक्या पण साध्या हॉटेलपेक्षा जे जास्तीचे पैसे मोजायचे, त्यांच्या बदल्यात पदरात काय पडणार. म्हणून सर्वप्रथम त्याच तारखांसाठी अशा एका साध्या हॉटेलचा दर काढावा आणि दोन दरांमधला फरक कागदावर मांडावा. पुढचा सगळा हिशोब या फरकाचा आहे, पूर्ण भाड्याचा नाही, कारण धुतलेली चादर, गरम पाणी आणि दाराला कुलूप या गोष्टी दोन्हीकडे मिळतातच.

फरक मांडताना दोन्हीकडची अंतिम रक्कम धरावी. पहिल्या पानावर दिसणाऱ्या दरावर कर, सेवाशुल्क, काही शहरांत माणशी दर रात्रीचा पर्यटन कर आणि काही हॉटेलांत ‘डेस्टिनेशन फी’ अशा गोंडस नावाचे सक्तीचे शुल्क चढते. अमेरिकेत मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमानुसार अशी सक्तीची शुल्के जाहिरातीतल्या एकूण दरातच धरून दाखवावी लागतात, तरी सरकारी कर त्यातही वेगळा ठेवता येतो. शिवाय असा नियम सगळ्या देशांत नाही. त्यामुळे पैसे भरण्याच्या शेवटच्या पानापर्यंत जाऊन आकडा पाहणे हाच खात्रीचा मार्ग आहे. न्याहारी आणि पार्किंग दरात धरले आहे का, हेही तिथेच कळते. चेक-इनच्या वेळी कार्डावर रोखून ठेवली जाणारी अनामत हा खर्च नव्हे, पण डेबिट कार्डावर ती मोकळी व्हायला काही दिवस लागू शकतात.

त्यानंतर तास मोजावेत. चेक-इन दुपारी ३ वाजता आणि चेक-आउट सकाळी ११ वाजता असेल, तर एका रात्रीच्या भाड्यात जास्तीत जास्त २० तास मिळतात, आणि त्यांतले झोपेचे व भटकंतीचे तास वजा केले की हॉटेलचा खरा उपभोग घेण्याचे तास हाती राहतात. जो प्रवासी रात्री ११ वाजता पोहोचून सकाळी ७ वाजता बाहेर पडणार आहे, त्याच्यासाठी जलतरण तलाव आणि लाउंज यांचे मोल शून्य आहे, मग ते कितीही देखणे असोत. अशा मुक्कामासाठी जास्तीचे पैसे मोजणे मला तरी पटत नाही. याला अपवाद एकच, शांत झोपेचा, आणि त्याकडे पुढे येऊच.

ताऱ्यांवर फार विसंबू नये. ते देणारी एकच जागतिक संस्था नाही. युरोपातील अनेक देश २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘हॉटेलस्टार्स युनियन’चे समान निकष वापरतात, फ्रान्समध्ये पाच ताऱ्यांच्याही वर २०१० पासून ‘पॅलेस’ हा वेगळा दर्जा आहे, तर अमेरिकेत असे सरकारी वर्गीकरणच नाही. ‘सात तारे’ ही निव्वळ प्रसिद्धीची भाषा आहे. त्यातही तारे देताना मुख्यतः सोयी आहेत की नाहीत हे तपासले जाते. रात्री २ वाजता वातानुकूलन यंत्र घरघरते का, हे त्यातून समजत नाही.

म्हणून सर्वाधिक वेळ खोलीवर घालवावा. पुष्कळ हॉटेलांत ‘डिलक्स’ ही सर्वांत खालची श्रेणी असते, तेव्हा नाव सोडून क्षेत्रफळ पाहावे, आणि त्यात स्नानगृह व दारातला बोळ धरला आहे का, तेही विचारावे. २६ चौरस मीटरमधून एवढे वजा झाले की उरलेल्या जागेत दोन सूटकेस उघड्या ठेवणेसुद्धा अवघड होते. छायाचित्रे बहुधा रुंद कोनाच्या भिंगाने काढलेली असतात. चित्राच्या कडेचा दिवा ताणल्यासारखा लंबगोल दिसत असेल, तर खोली चित्रात दिसते तेवढी ऐसपैस नाही असे समजावे आणि पलंगाचे पायथे व समोरची भिंत यांतले अंतर पाहावे. प्रवाशांनी स्वतः काढलेली छायाचित्रे या कामी अधिक उपयोगी पडतात.

शांततेची चौकशी फोनवरच करावी. खोली लिफ्टजवळ आहे का, खिडकी रस्त्याकडे आहे की आतल्या चौकाकडे, शेजारच्या खोलीत उघडणारे दार मधल्या भिंतीत आहे का, शेजारी किंवा समोर बांधकाम चालू आहे का आणि खोल्यांचे शेवटचे नूतनीकरण कोणत्या वर्षी झाले, एवढे विचारले तरी पुरते. मधल्या दारातून शेजारच्यांचे बोलणे सहज ऐकू येते, म्हणून असे दार नसलेली खोली मागून घ्यावी. उत्तर देणारी व्यक्ती टाळाटाळ करते की दुसऱ्याला विचारून नेमके सांगते, यावरून सेवेचाही अंदाज येतो.

अभिप्रायांमध्ये स्तुती आणि शिव्या दोन्ही बाजूला सारून गेल्या काही महिन्यांतले मधल्या गुणांचे अभिप्राय वाचावेत. एकच तक्रार वेगवेगळ्या माणसांनी केली असेल, तर ती खरी धरावी.

आता फरकाच्या आकड्यासमोर, आपण खरोखर वापरणार आहोत अशाच गोष्टी लिहाव्यात आणि प्रत्येकीसाठी वेगळे पैसे मोजायची वेळ आली असती तर किती मोजले असते, हे प्रामाणिकपणे मांडावे. स्थानक किंवा कामाचे ठिकाण पायी अंतरावर असेल, तर वाचणारे टॅक्सीभाडेही त्यात धरावे. बेरीज फरकाच्या जवळपास आली, तर खुशाल आरक्षण करावे. ती निम्म्यावरच अडली, तर तारखा हलवून पाहाव्यात: कामानिमित्त येणाऱ्यांवर चालणाऱ्या हॉटेलांत शनिवार-रविवारचे दर अनेकदा उतरतात, तर मोठे प्रदर्शन किंवा परिषद असली की तीच खोली कितीतरी महाग होते. परतावा न मिळणारा दर थोडा स्वस्त असला, तरी तारखा पक्क्या नसतील तर रद्द करता येणारे आरक्षण घ्यावे आणि मोफत रद्द करण्याची मुदत संपण्याआधी दर पुन्हा एकदा तपासावा. तो उतरला असेल, तर नवे आरक्षण हाती आल्यावरच जुने रद्द करावे.