नीतिचिंतक आणि हौशी नट: दोन चरित्रे कशी लिहावीत

नीतिविचार मांडणाऱ्या माणसाचे किंवा हौशी नटाचे चरित्र लिहिताना केवळ जन्मतारखेपासून सुरुवात करू नये. त्याचे पोट कशावर चालत होते आणि मन कशात गुंतले होते, हे आधी शोधावे. वामन मल्हार जोशी (१८८२–१९४३) यांच्याबाबतीत हे दोन्ही एकमेकांत मिसळलेले दिसते. कोल्हापूरच्या ‘विश्ववृत्त’ मासिकात छापलेल्या एका लेखापायी त्यांना तुरुंगवास भोगावा लागला आणि पुढे त्यांनी हिंगण्याला अध्यापन केले. म्हणून ‘नीतिशास्त्रप्रवेश’ या त्यांच्या ग्रंथाचा सारांश देण्याआधी तुरुंगवासाची हकीकत सविस्तर लिहावी, कारण कर्तव्याची चर्चा करणाऱ्याने स्वतः काय सोसले, हे वाचकाला आधी कळणे मला अत्यंत आवश्यक वाटते.

डॉ. श्रीराम लागू (१९२७–२०१९) यांच्यासाठी पद्धत थोडी बदलावी. ते कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक होते आणि पुण्यात हौशी रंगभूमीवर काम करत असत. कोऱ्या कागदावर मधोमध उभी रेघ मारून डावीकडे वैद्यकीची आणि उजवीकडे नाटकांची वर्षे लिहावीत. १९६९ला त्यांनी पूर्णवेळ अभिनय पत्करल्यामुळे डावा रकाना तिथेच थांबतो. १९७०च्या ‘नटसम्राट’मधील गणपतराव बेलवलकर ही भूमिका पहिल्याच परिच्छेदात आणण्याचा मोह मात्र टाळावा, कारण तिच्यामागची हौशी रंगभूमीवरची वर्षे मग झाकोळून जातात. पुरस्कारांची नोंद एका वाक्यात उरकावी.