ईएमटीच्या परीक्षेसाठी पुस्तक घेताय? आधी सीपीआरचं पान उघडा

नागपूरच्या बर्डीवर पुस्तकं घ्यायला निघण्याआधी तुमच्या कोर्सचा अभ्यासक्रम छापून खिशात ठेवा. आपल्याकडे लॅब टेक्निशियनपासून ऑपरेशन थिएटरमधल्या असिस्टंटपर्यंत सगळ्यांनाच पॅरामेडिकल म्हणतात, त्यामुळे दुकानदार काहीही हातात देतो. तुम्हाला रुग्णवाहिकेवर काम करायचं असेल तर पुस्तक इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियनचं, म्हणजे ईएमटीचं हवं. त्यातही बेसिक आणि अ‍ॅडव्हान्स्ड वेगळं. बेसिकच्या मुलानं ईसीजी आणि इंजेक्शनांचा जाड ग्रंथ घेतला की तो टेबलावरच राहतो.

आता पुस्तकाचं वय तपासा. मी शिकत असताना स्वस्तात मिळालं म्हणून एक जुनं पुस्तक घेतलं. आधीच्या मालकानं पेन्सिलीनं जागोजागी 'आयएमपी' लिहिलेलं, म्हणून भरवसाही वाटला. त्यात सीपीआरचं, म्हणजे हृदय थांबलेल्या रुग्णाची छाती दाबण्याचं आणि त्याला श्वास देण्याचं प्रमाण प्रौढासाठी 15 दाब आणि 2 श्वास असं होतं. मी तेच पाठ केलं आणि सरावाच्या दिवशी सरांनी थांबवलं. हे प्रमाण 2005 सालीच 30 ला 2 झालं होतं! तेव्हापासून मी मुखपृष्ठावरच्या 'नवी आवृत्ती'वर विश्वास ठेवत नाही, थेट सीपीआरचं पान उघडतो. आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग दाब असा क्रम असेल तर मजकूर 2010 च्या आधीचा. 'मिनिटाला किमान 100' एवढंच लिहिलं असेल तर 2015 च्या आधीचा. दाबाचा वेग 100 ते 120 आणि खोली 5 ते 6 सेंटिमीटर दिली असेल तरच पुढची पानं चाळा.

मग सर्पदंशाचं पान काढा. अमेरिकन पुस्तकांत रॅटलस्नेक भेटतो. विदर्भातल्या शेतात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. मण्यारच्या दंशाची जागा अनेकदा दिसतही नाही, दुखतही नाही आणि रुग्ण पहाटे पोटदुखी किंवा जड पापण्या घेऊन येतो. हे ज्या पुस्तकात नाही, त्याला भारतीय पुस्तकाची जोड द्याच. जखम कापायला किंवा घट्ट आवळून बांधायला सांगणारं पुस्तक तर परत ठेवा. उष्माघाताचंही तसंच. नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. शरीराचं तापमान 40 अंशांच्या वर, सोबत बरळणं किंवा बेशुद्धी, अशा रुग्णाला लगेच थंड करायचं असतं, हे पुस्तकात ठळक हवं.

प्रश्नसंच घेताना फक्त उत्तरांची यादी असलेला घेऊ नका. चुकीचे पर्याय का चूक आहेत, हेही समजावणारा घ्या.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी पुस्तक इंग्रजी आहे म्हणून घाबरू नये. एक वही करा. डावीकडे संज्ञा, उजवीकडे नातेवाईक ते कसं सांगतील ते: 'छातीत भरून आलंय', 'दम लागतोय', 'चक्कर येऊन पडले'. तोंडी परीक्षेत ही वही फार कामी येते, आणि रुग्णाच्या घरात त्याहून जास्त.

पैसे मोजकेच असतील तर एक मुख्य पुस्तक आणि एक प्रश्नसंच पुरे. उरलेले मॅनिकिनवरच्या, म्हणजे सीपीआर शिकायच्या पुतळ्यावरच्या सरावासाठी ठेवा. 2 मिनिटं न थांबता दाब देऊन पाहा, दुसऱ्याला मोजायला सांगा, मग जागा बदला. दंड भरून येतात, वेग घसरतो, आणि दर 2 मिनिटांनी माणूस का बदलायचा ते तिथेच कळतं.