लिस्बनला जाताय? बेलेंसाठी सोमवार नको

लिस्बनमध्ये बेलें भागासाठी एक अख्खा दिवस ठेवा, फक्त तो सोमवार नसावा. त्या दिवशी जेरोनिमोस मठ बंद असतो. गावातून १५ई ट्राम थेट मठासमोर सोडते. सकाळी दार उघडायच्या आधीच पोचलात तर बरं, नाहीतर उन्हात ताटकळणं आलंच. आणि रांगेत उभं राहण्याआधी ती कसली आहे ते विचारा. मठाचं आवार आणि चर्च यांची दारं वेगळी आहेत.

चर्चमध्ये शिरल्यावर लगेच डावीकडे वास्को द गामाची समाधी आहे. तो १५२४ साली कोचीत वारला. तिथून अस्थी पोर्तुगालला गेल्या, आणि या मठात आल्या त्या थेट १८८० मध्ये. समाधीवर कोरलेलं जहाज जवळ जाऊन बघा.

माझी खरी आवड मात्र पुढच्या बेलें बुरुजाची. तिकीट नाही काढलं तरी चालेल, आतले जिने अरुंद आहेत. बाहेरूनच, वायव्य कोपऱ्यातल्या छोट्या बुरुजाच्या बुडाशी बघा: दगडी गेंड्याचं डोकं! वाऱ्यापाण्यानं पार झिजलंय, त्यामुळे पटकन ओळखू येत नाही; मोबाइलचा झूम वापरा. गुजरातच्या सुलतानानं पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला भेट दिलेला गेंडा १५१५ मध्ये गोव्याहून जहाजानं लिस्बनला पोचला होता, त्याची ही आठवण.

पायात रबरी तळव्याचे बूट हवेतच. इथले गुळगुळीत फरसबंद रस्ते पावसात साबणासारखे निसरडे होतात.