निरंतर वैद्यकीय शिक्षण : अभ्यासक्रम आपल्याच ओपीडीतून कसा ठरवावा

महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडील नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे (सीएमई) 30 क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात, हे ॲलोपॅथीच्या प्रत्येक डॉक्टरला ठाऊक असते. डॉक्टरने दर पाच वर्षांत किमान 30 तास अशा शिक्षणाला द्यावेत, असे 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेतच नमूद आहे. मात्र हे तास कोणत्या विषयाला द्यायचे याची निवड डॉक्टरवर सोडलेली असते आणि ही निवड आपल्यापैकी बरेच जण करतच नाहीत. चौथे वर्ष संपत आले की जिल्ह्याच्या ठिकाणी होणाऱ्या, हाताशी येईल त्या सीएमईला नाव नोंदवले जाते. रविवारी यकृत प्रत्यारोपणावरचे उत्तम व्याख्यान ऐकून डॉक्टर परततो आणि सोमवारी सकाळी ओपीडीत ताप, खोकला, रक्तदाब आणि कुत्रा चावलेले रुग्ण त्याची वाट पाहत असतात. हे 30 तास या सोमवारच्या रुग्णांच्या कामी कसे आणायचे, हे येथे सांगायचे आहे.

अनुभवाने आपोआप सुधारणा होते, हा समज आधी बाजूला ठेवावा लागतो. डॉक्टरच्या व्यवसायाची वर्षे आणि त्याने दिलेल्या उपचारांचा दर्जा यांचा संबंध तपासणारा एक आढावा 2005 साली प्रसिद्ध झाला. त्यातील 62 मूल्यमापनांपैकी 32 मध्ये वर्षे वाढत गेली तशी तपासलेल्या सर्वच निकषांवर कामगिरी घसरलेली आढळली. यात कोणाच्या निष्ठेचा प्रश्न नाही. पदवीच्या वेळी शिकलेले मनात घट्ट बसते, नंतर बदललेले कानावरून जाते, आणि एकट्याने दवाखाना चालवणाऱ्याला चूक दाखवून देणारे जवळ कोणी नसते, ही त्यामागची साधी कारणे मला दिसतात.

सुरुवात एका शंभर पानी वहीपासून करावी. सलग चार आठवडे, ओपीडी चालू असतानाच, ज्या रुग्णाच्या बाबतीत आपण क्षणभर थबकलो त्याची एक ओळ लिहावी. नाव नको, वय, तक्रार आणि आपल्याला पडलेला प्रश्न एवढे पुरे. उदाहरणार्थ, ‘दोन वर्षांपूर्वी रेबीजची पूर्ण लस घेतलेल्या मुलाला पुन्हा कुत्रा चावला, आता किती डोस?’ किंवा ‘अ‍ॅम्लोडिपिन 5 मिलिग्रॅम ही गोळी चालू असूनही रक्तदाब 150/96, पुढे काय?’ प्रश्न नेमका असेल तर उत्तर शोधायला दहा मिनिटे लागतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे शून्याव्या आणि तिसऱ्या दिवशी असे दोनच डोस, आणि इम्युनोग्लोब्युलिनची (तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनची) गरज नाही. ‘रेबीज वाचायचे आहे’ असे मोघम लिहिले तर ते वर्षभर वाचून होत नाही. रुग्ण गेल्यावर लिहू म्हटले की राहून जाते, म्हणून वही टेबलावर स्टेथोस्कोपशेजारीच असावी.

चार आठवड्यांनी वही आणि ओपीडीचे रजिस्टर शेजारी ठेवून वर्षाचे तीन किंवा फार तर चार विषय निवडावेत. निवडताना मी तीन कसोट्या लावतो: रोज दिसणारे काय, क्वचित दिसणारे पण तासाभरात जीव घेणारे काय, आणि आपण शिकलो त्यानंतर बदललेले काय. तिसऱ्या कसोटीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, कारण बदललेल्या गोष्टीबद्दल मनात प्रश्नच उठत नाही. जुने उत्तर तयारच असते. क्षयरोगाचे उदाहरण पाहावे. खासगी डॉक्टरांनी रुग्णाची नोंद सरकारकडे करणे 2012 पासून बंधनकारक आहे, निदानासाठी थुंकीच्या काचपट्टीऐवजी जनुकीय चाचणीवर भर आला आहे, बहुऔषधप्रतिरोधी (नेहमीच्या मुख्य औषधांना दाद न देणाऱ्या) क्षयासाठी बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन यांची सहा महिन्यांची उपचारपद्धती 2024 साली आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमासाठी मंजूर झाली, आणि क्षयरुग्णाच्या आहारासाठी असलेल्या निक्षय पोषण योजनेची मदत नोव्हेंबर 2024 पासून महिना 500 रुपयांवरून 1000 रुपये झाली. तालुक्याच्या डॉक्टरने ही प्रतिरोधी क्षयाची औषधे स्वतः सुरू करायची नसली, तरी ‘दोन वर्षे इंजेक्शने घ्यावी लागतील’ असे सांगून रुग्णाला घाबरवायचे नाही, एवढे तरी त्याला माहीत असलेच पाहिजे.

क्वचित पण प्राणघातक या वर्गात आपल्याकडे सर्पदंश पहिला येतो. तो वाचून शिकता येत नाही, हातांनीच शिकावा लागतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषाची लक्षणे तोंडपाठ असतात, तरीही पावसाळ्यात पहाटे पोटदुखी आणि जड पापण्या घेऊन आलेल्या, जमिनीवर झोपणाऱ्या माणसाच्या अंगावर दंशाची खूण दिसत नाही म्हणून मण्यारीचा दंश निसटतो. म्हणून दर वर्षी मे महिन्याच्या अखेरीस, पेरणीची कामे सुरू होण्याआधी, आपल्या सिस्टर आणि कंपाउंडरसह अर्ध्या तासाची रंगीत तालीम घ्यावी. कोरडी, स्वच्छ काचेची नवी परीक्षानळी कपाटात आहे का? विषाने रक्त गोठेनासे झाले आहे का हे पाहणाऱ्या वीस मिनिटांच्या रक्तगोठण चाचणीत दोन मिलिलिटर रक्त घेऊन नळी वीस मिनिटे न हलवता ठेवायची असते. साबणाने धुतलेल्या किंवा प्लास्टिकच्या नळीत ही चाचणी फसते. प्रतिसर्पविषाच्या दहा कुप्या विरघळवायला प्रत्यक्षात किती वेळ लागतो, हे मुदत संपलेल्या कुप्यांवर एकदा करून पाहावे. लहान मुलालाही डोस तेवढाच, कारण साप मुलाला कमी विष सोडत नाही. प्रौढासाठी अर्धा मिलिग्रॅम ॲड्रेनॅलिन सिरिंजमध्ये आधीच भरून ठेवायचे, प्रतिसर्पविषाची रिॲक्शन आल्यावर ॲम्प्युल शोधायची नाही. हाताने दाबून श्वास देण्याच्या अंबू बॅगचा मास्क तोंडावर घट्ट बसतो का, हे पाहावे. माझ्या दवाखान्यात पहिल्या तालमीच्या वेळी मास्कचे रबर कडक होऊन चिरलेले निघाले, आणि ते खऱ्या रुग्णाच्या वेळी कळले असते तर काय झाले असते हा विचार अजूनही अस्वस्थ करतो.

बदललेल्या उपचारांसाठी वाचावे कुठे, याचे उत्तर सोपे आहे. आयसीएमआरचे (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे) ‘स्टँडर्ड ट्रीटमेंट वर्कफ्लो’ 2019 पासून विनामूल्य उपलब्ध आहेत. एकेका आजारासाठी पान-दोन पानांचे तक्ते आहेत आणि प्राथमिक पातळीवर काय करायचे व रुग्ण कधी पुढे पाठवायचा, हे त्यांत वेगळे दाखवलेले आहे. प्रतिजैविकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने 2017 साली केलेली ॲक्सेस (आधी वापरायची), वॉच (जपून वापरायची) आणि रिझर्व्ह (राखून ठेवायची) ही वर्गवारी छापून टेबलाच्या काचेखाली ठेवावी. साध्या घसादुखीसाठी आपण लिहिलेले औषध ‘वॉच’ गटातले आहे हे डोळ्यांसमोर दिसले की पेन थांबते.

सीएमई निवडताना मी निमंत्रणपत्रिकेवर दोन गोष्टी पाहतो. पहिली, चर्चेला किती वेळ ठेवला आहे. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या, सभा-व्याख्यानांच्या परिणामावरील 2009 च्या आढाव्यात असे दिसले की अशा सभांमुळे डॉक्टरांच्या प्रत्यक्ष वागण्यात होणारी सुधारणा सुमारे सहा टक्क्यांच्या घरात असते, आणि नुसत्या व्याख्यानापेक्षा व्याख्यान व सहभाग यांची सांगड घातलेली सभा अधिक उपयोगी ठरते. सलग पाच व्याख्याने आणि शेवटी ‘वेळ मिळाल्यास प्रश्न’ अशी पत्रिका असेल तर मी जात नाही. दुसरी गोष्ट म्हणजे खर्च कोण करते. औषध कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवास किंवा आदरातिथ्य स्वीकारण्यास डॉक्टरांना आचारसंहितेच्या 2009 च्या दुरुस्तीने मनाई झाली आणि मार्च 2024 च्या औषध विपणन संहितेने कंपन्यांवरही बंधने घातली. परदेशात सीएमई भरवणे तिने बंद केले. तरीही प्रायोजकत्व राहतेच, आणि प्रायोजित व्याख्यान वाईटच असते असेही नाही. फक्त आकडे कसे मांडले आहेत ते नीट पाहावे लागते.

यासाठी एकच सवय पुरते. वक्ता ‘धोका पन्नास टक्क्यांनी कमी झाला’ म्हणाला की ‘किती वरून किती?’ असे विचारावे. शंभर रुग्णांत पाच वर्षांत दोघांना हृदयविकाराचा झटका येत होता आणि नव्या औषधाने तो एकाला आला, तर हे पन्नास टक्के खरेच आहेत. पण एक झटका टाळण्यासाठी शंभर जणांना पाच वर्षे औषध द्यावे लागले हेही तितकेच खरे आहे. तेच शंभरात वीस वरून दहा असेल, तर दहा जणांना औषध दिले की एक झटका टळतो. टक्केवारी दोन्हीकडे सारखीच असली, तरी आपल्या शेतमजूर रुग्णाने महिन्याला आठशे रुपये खर्च करावेत की नाही याचे उत्तर दोन्हीकडे वेगळे निघते.

ऐकून किंवा वाचून आल्यावर आठवड्याच्या आत दोन कामे करावीत. टिपणे न उघडता, कोऱ्या कागदावर आठवते तेवढे लिहून काढावे आणि मग टिपणांशी ताडून पाहावे. हेच महिन्याने पुन्हा करावे. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा आठवण्याचा प्रयत्न केल्याने ज्ञान जास्त टिकते, हे 2006 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत स्पष्ट दिसले आहे. दुसरे काम अधिक महत्त्वाचे आहे: दवाखान्यातली एक वस्तू किंवा एक रीत बदलावी. रक्तदाबाच्या सीएमईनंतर दाब मोजताना मोठ्या दंडाला बांधायचा रुंद पट्टा (कफ) विकत घेणे, किंवा रुग्णाला पाच मिनिटे बसवूनच दाब मोजण्याची सूचना सिस्टरला देणे, असे काहीही चालेल. जो तास दवाखान्यात काहीच बदलत नाही तो मी माझ्या हिशोबात धरत नाही, मग त्याचे क्रेडिट मिळालेले असो वा नसो.

बदल टिकला की नाही हे कळण्यासाठी केसपेपर मोजावे लागतात. पद्धत किचकट नाही, पण तिच्यात एक खड्डा आहे. समजा, रक्तदाबाच्या नोंदणी झालेल्या रुग्णांपैकी क्रमाने 40 केसपेपर काढले. त्यांतले 28 जण गेल्या तीन महिन्यांत येऊन गेले आणि त्यांपैकी 18 जणांचा दाब 140/90 च्या खाली होता. 28 पैकी 18 म्हणजे 64 टक्के, असे म्हणून आपण समाधान मानतो. पण जे 12 जण आलेच नाहीत त्यांचे काय? तेही आपलेच रुग्ण आहेत, आणि त्यांना धरले तर नियंत्रण 45 टक्क्यांवर येते. 2017 च्या नोव्हेंबरमध्ये पाच राज्यांत सुरू झालेल्या आणि महाराष्ट्र ज्यात पहिल्यापासून आहे त्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमातही न आलेल्यांची वेगळी गणती होते, ती याच कारणाने. हा हिशोब केल्यावर पुढचा शिक्षणविषय पुष्कळदा नवे औषध हा नसतो. गैरहजर रुग्णाला फोन कोण करणार, हा असतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात हे काम आशाताईंच्या मदतीने होते, खासगी दवाखान्यात कंपाउंडरला त्यासाठी दुपारचा अर्धा तास द्यावा लागतो.

हे सारे एकट्याने दोन वर्षांहून अधिक काळ रेटता येत नाही. म्हणून तालुक्यातील सहा ते आठ डॉक्टरांचा अभ्यासगट करावा आणि महिन्यातून एकदा, ठरलेल्या वारी, दीड तास बसावे. प्रत्येकाने आपला असा एक रुग्ण मांडावा, ज्याच्या बाबतीत निर्णय चुकला किंवा अजून खात्री वाटत नाही. रुग्णाची ओळख उघड करायची नाही आणि बैठकीतले बाहेर न्यायचे नाही, हे दोन नियम पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावेत. व्हॉट्सॲपच्या गटावर रुग्णाचा फोटो टाकून मागवलेले सल्ले या बैठकीची जागा घेऊ शकत नाहीत; तिथे गोपनीयता राहत नाही आणि पाठपुरावाही होत नाही. आयुर्वेद किंवा होमिओपॅथीची पदवी असलेल्या सहकाऱ्यांच्या परिषदा आणि नियम वेगळे असले, तरी खेड्यात पहिला रुग्ण बहुधा त्यांच्याच दारात येतो, त्यामुळे रुग्ण कधी आणि कसा पुढे पाठवावा या चर्चेत त्यांना आवर्जून बसवावे.

अशा नोंदींतून केवढे काम उभे राहू शकते, याचे उदाहरण कोकणातच आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी असताना विंचूदंशाचे रुग्ण फुप्फुसात पाणी भरून दगावत होते. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून घाम, थंड हातपाय, नाडी आणि दाब यांच्या नोंदी ठेवल्या. 1982 साली त्यांची निरीक्षणे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली, आणि पुढे प्राझोसिन या स्वस्त गोळीने मृत्यू मोठ्या प्रमाणात टळू लागले. आपल्या वहीतून संशोधन निघेलच असे नाही, पण तिची पद्धत हीच आहे.

क्रेडिट पॉइंटचा हिशोब शेवटी आणि थोडक्यात. पाच वर्षांत 30 म्हणजे वर्षाला सहा, एवढे वर वर्णन केलेल्या आखणीत सहज बसतात. कार्यक्रमाला परिषदेची मान्यता आहे का हे पैसे भरण्याआधी तपासावे, हजेरीची नोंद पूर्ण वेळ थांबून करावी, आणि परिषदेच्या आपल्या ऑनलाइन खात्यात पॉइंट जमा झाले की नाही हे महिन्याभरात पाहावे. चार वर्षांनी आयोजकांना गाठणे जड जाते. प्रमाणपत्राच्या मागच्या बाजूला, त्यानंतर दवाखान्यात काय बदलले, हे तारखेसह लिहून ठेवावे. दर एप्रिलमध्ये नवी वही उघडावी आणि गेल्या वर्षीचे जे प्रश्न अनुत्तरित राहिले, ते तिच्या पहिल्या पानावर उतरवून घ्यावेत.